टॅकेट झालं

आमच्या गावात एक शब्द आहे, तो वेशीबाहेर चालत नाही. लबक शहरात जाऊन म्हणाल तर लोक तोंडाकडे बघत राहतील. दोन मिळणार म्हणून हात पुढं करावा आणि हातावर एकच पडावं, याला आम्ही मेस्किट वेल्सवाले ‘टॅकेट झालं’ म्हणतो. लोरीनच्या खानावळीत दोन अंडी मागितली आणि ताटलीत एकच आलं, तर टॅकेट. मोज्यांचा जोड आणला आणि घरी येऊन पिशवीत एकच मोजा निघाला, तर टॅकेट. एका बाईला जुळं होणार अशी गावभर खात्री होती आणि झाली एकच मुलगी, तेव्हा तिच्या नवऱ्यानं दवाखान्याच्या दारात उभं राहून हाच शब्द वापरला आणि सासूच्या शिव्या खाल्ल्या.

शाळेतल्या पोरांना तर हे कुणाचं आडनाव आहे याचा पत्ताच नाही. त्यांना तो नुसता शब्द वाटतो, भाकरीसारखा, चपलेसारखा. आणि ज्याचं हे आडनाव तो माणूस माझ्या घरापासून दोन दारं सोडून राहतो. ऑर्लिन टॅकेट. आम्ही सगळे त्यांना कोच म्हणतो, कारण आडनावानं हाक मारायची सोयच उरलेली नाही.

त्यांच्यासमोर हा शब्द काढायचा नाही असा गावात अलिखित नियम आहे, पण जीभच ती, घसरते. एकदा किराणा दुकानात एक चिमुरडी आईला म्हणाली, "आई, दादानं मला टॅकेट दिलं, गोळ्या दोन होत्या!" मागंच कोच उभे. आईचा चेहरा पांढराफटक पडला. कोचनी आपल्या पिशवीतून गोळ्यांचा पुडा काढला, फोडून एक पोरीच्या हातावर ठेवली आणि बाकीचं सामान न घेताच घरी गेले. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी मला त्या शब्दाचा राग आला, पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी तो माझ्याही तोंडात होताच.

आता हे झालं कसं ते सांगते, आणि ज्याला फुटबॉल कळतो त्यानं मध्ये तोंड घालू नये. आमच्या अमेरिकन फुटबॉलात चेंडू हातात घेऊन समोरच्यांची शेवटची रेघ ओलांडली की सहा गुण. ते मिळाले की वर एक जादा संधी मिळते. चेंडू रेघेजवळ ठेवायचा, एकच डाव, आणि त्यात दोन वाटा. एक, लाथेनं चेंडू खांबांच्या मधून उडवायचा. दुसरी, चेंडू घेऊन पुन्हा रेघेपलीकडे घुसायचं. टेक्ससमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं की लाथेला एक गुण आणि घुसण्याला दोन, कारण घुसणं अवघड. दोन कमी पडत असतील तर घुसा. हे आम्हाला शिकवावं लागत नाही, आईच्या दुधाबरोबर येतं.

पण तो झाला अकरा जणांचा खेळ. आमच्याकडे कापसाचं जिनिंग बंद पडलं, माणसं बिऱ्हाडं उचलून गेली आणि शाळेत अकरा धडधाकट पोरं जमेनात. मग आम्ही सहा जणांच्या खेळात उतरलो. छोट्या गावांत तो पूर्वीपासून चालतो. त्यात मैदान लहान, आणि जादा गुणाचं गणित नेमकं उलटं. लाथेला दोन, घुसण्याला एक. मला आधी वाटलं, हा नियम करणारा उलट्या डोक्याचा असणार. मग ध्यानात आलं. सहा पोरांतला एक चेंडू मागं देणार, एक गुडघ्यावर बसून धरणार, एक लाथ मारणार. समोरून सहा जण अंगावर धावून येतायत, त्यांना अडवायला उरलं कोण? इथं लाथच अवघड, म्हणून मोल तिला जास्त. तसं पाहिलं तर शहाणपणाचंच आहे, पण शहाणपण डोक्यात असतं आणि सवय हाडात.

तीसेक वर्षांपूर्वी, सहा जणांच्या खेळातला आमचा पहिलाच सामना. समोर डनलॅपची पोरं. घड्याळ संपता संपता आमच्या पोरानं रेघ ओलांडली आणि आम्ही फक्त दोन गुणांनी मागं राहिलो. जादा संधी बाकी होती. लाथ मारणारा आमच्याकडे होता, रमीरो बाएझा, संघाचा कप्तान, आणि त्याचा पाय म्हणजे तोफ. रमीरो जागेवर जाऊन उभाही राहिला. तेवढ्यात बाहेरून कोच ओरडले, "घुसा! घुसा!"

पोरं घुसली. आमच्याकडे टोप्या आभाळात गेल्या, माणसं माणसांच्या गळ्यात पडली. बरोबरी झाली, आता जादा वेळाचा खेळ! कोच म्हणाले म्हणजे दोनच, असं धरून रमीरो नाणेफेकीला मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. उभाच राहिला. शेवटी पंच त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "बाळ, कशाची वाट बघतोस? खेळ संपला." पाटीवर आमच्या नावापुढं एकच जादा गुण चढला होता, आणि आम्ही एका गुणानं हरलो होतो.

त्या हंगामानंतर कोचनी खेळ शिकवणं सोडलं. निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला, चांगला शिकवला, पण मैदानात पाऊल टाकलं नाही. आता गंमत अशी, की त्यांचं घर मैदानाच्या समोरच, रस्ता ओलांडला की फाटक. सामना असला की ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. खुर्चीचं तोंड पाण्याच्या टाकीकडे, मान मात्र मैदानाकडे वळलेली. कुणी विचारलंच तर म्हणायला मोकळे, की मी टाकी बघतोय.

गावाचं एक असतं, आधी मारायचं आणि मग मलम लावायचं. पहिली काही वर्षं गावानं त्यांना सळो की पळो केलं. मग गावालाच वाईट वाटलं असावं, कारण एक गोष्ट फिरायला लागली. म्हणे, त्या दिवशी रमीरोचा पाय मुरगळला होता. कोचना ते कळलं, आणि पोराचा पाय कायमचा जाऊ नये म्हणून त्यांनी जाणूनबुजून घुसायला सांगितलं, सगळा दोष स्वतःच्या माथ्यावर घेतला. फार सुंदर गोष्ट. पाद्रीबाबांनी ती प्रवचनात सांगितली, बायांनी डोळे पुसले. कोच पहिल्या बाकावर बसले होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

मी शाळेची बस चालवते. सामन्याच्या दिवशी मैदानावरच्या टपरीच्या खिडकीतून चिलीचा झणझणीत रस्सा आणि कॉफी विकते. दोन्ही कामांत माणसाला बोलतं करायची सवय लागते. मला ही गोष्ट कधी पटलीच नाही. ज्या माणसाला नियम ठाऊक होता तो असं का करेल? आणि ठाऊक नव्हता म्हणावं तर पोरांना तो शिकवला कुणी? मी कोचना अक्रोडाचा केक नेऊन दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "फार ऊन होतं गं त्या दिवशी." डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना गाडीतून नेलं, वाटेत पुन्हा काढलं. "फार ऊन होतं." एकदा तर ताप चढला होता, म्हटलं आता सापडले, तापात माणूस खरं बोलतो. तर तापातही ऊनच.

मला नुसतं कुतूहल होतं, हे मी कबूल करते. पण रमीरोचं तसं नव्हतं. रमीरो आता पन्नाशीला आलाय, गावातले पंप आणि पवनचक्क्या दुरुस्त करतो. सगळ्यांच्या विहिरीवर स्वतः जातो, कोचकडे मात्र भाच्याला पाठवतो. रस्त्यात भेटले तर टोपीला हात लावतो आणि पुढं जातो. एकदा माझा पंप उघडून बसला होता तेव्हा मी म्हटलं, "रमीरो, तुझ्या त्या मुरगळलेल्या पायाचं प्रवचन ऐकलंस का रे?"

त्यानं पाना खाली ठेवला. "मिस नेल्डा, माझ्या पायाला काही झालं नव्हतं."

"मग?"

"मग काय? माझ्यावर भरवसा नव्हता त्यांचा. गावाची अब्रू पणाला लागलेली, आणि ती बाएझाच्या मेक्सिकन पोराच्या पायावर टाकायची? नाही धीर झाला. गुण एकच मिळाला तरी चालेल, पण मी नको. मी जागेवर उभा होतो. माझ्याकडे बघितलं त्यांनी, आणि घुसा म्हणाले."

"विचारलंस कधी?"

"कशाला? हो म्हणाले असते तर?"

मी पाना उचलून त्याच्या हातात दिला आणि त्याच्यासाठी कॉफी टाकायला आत गेले.

यंदा कोचचे गुडघे पार गेले. लबकला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं निक्षून सांगितलं, आता पुरे, माझ्याकडे चला. रविवारी सकाळी ती न्यायला येणार असं ठरलं. आणि त्याच्या आधीचा शुक्रवार हंगामाच्या पहिल्या सामन्याचा, पण वादळात मैदानाचे दिवे गेले म्हणून सामना शनिवारी दुपारी ठेवला. समोर हॅटनची पोरं. त्यांचीही शाळा आटत आटत याच वर्षी सहा जणांच्या खेळावर आलेली. त्यांचा कोच ब्राइस म्हणून एक तिशीचा पोरगा, शर्ट इस्त्रीचा, चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा.

शनिवारी सकाळी मी कोचच्या ओट्यावर गेले. आत खोकी बांधून ठेवलेली. म्हटलं, "कोच, उद्या जाताय. आज तरी मैदानावर चला. मी खुर्ची टाकते खिडकीशेजारी."

"इथून दिसतं की."

"मान मोडेल एक दिवस."

"इतकी वर्षं नाही मोडली."

मग माझं डोकं सटकलं. "तुमच्या मानेचं सोडा हो! त्या रमीरोला काय उत्तर देऊन जाणार आहात? त्याचा पाय ठणठणीत होता हे त्याला माहीत आहे, आणि तुम्हालाही. तो बिचारा इतकी वर्षं समजून बसलाय की तुम्ही त्याला कमी लेखलंत."

कोचनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असं म्हणतो तो?"

"म्हणतो."

मग म्हणाले, "नेल्डा, त्या दिवशी फार ऊन..."

"ऊन गेलं चुलीत!" मी म्हटलं, आणि फाटक आपटून निघून आले. म्हाताऱ्या माणसाशी असं बोलू नये, पण पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

दुपारी मैदान फुललं होतं. साखळीनं अंतर मोजणारी माणसं आमच्याकडे पाहुण्यांच्या बाजूला उभी राहतात, आणि ते काम रमीरोकडे असतं. तो तिकडे खांबासारखा उभा. कोच समोरच्या ओट्यावर, तोंड टाकीकडे. मी खिडकीत, चिलीच्या पातेल्यामागं घामानं निथळत. खेळ चांगला झाला. शेवटी आमचे शेहेचाळीस, त्यांचे अडतीस, आणि घड्याळात काही उरलं नाही म्हणता म्हणता त्यांचा एक लांब टांगांचा पोरगा सगळ्यांना चुकवत शेवटच्या रेघेपार गेला. चव्वेचाळीस. दोन कमी. जादा संधी बाकी.

त्यांचा लाथ मारणारा पोरगा पुढं आला. बुटाची नाडी घट्ट केली, मागं पावलं मोजली. दुसरा चेंडू धरायला गुडघ्यावर बसला. सगळं जिथल्या तिथं होतं. आणि ब्राइस दोन्ही हात हलवत रेघेपर्यंत धावत आला. "नाही, नाही! दोन हवेत! घुसा!"

माझ्या हातातली पळी पातेल्यात पडली.

पोरांनी त्याच्याकडे पाहिलं. एकानं काहीतरी विचारल्यासारखं केलं. पण कोच ओरडतोय म्हटल्यावर पोरं काय करणार? नाडी बांधलेला पोरगा बाजूला झाला, चेंडू आला, आणि ते घुसले. पलीकडे हॅटनची माणसं उठून नाचायला लागली. बायका रडत होत्या, बाप पोरांना उचलत होते. ब्राइसनं आकाशाकडे बोट केलं. त्यांचा कप्तान शिरस्त्राण काखेत मारून नाणेफेकीला मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पंचानं चेंडू उचलला आणि तो आपल्या गाडीकडे चालायला लागला.

शेहेचाळीस, पंचेचाळीस.

आमच्या बाजूला आधी कुणाला काही समजेना. मग एक पोरगा ओरडला, "टॅकेट झालं!" हसू फुटलं, आणि बघता बघता सगळी पोरं पत्र्याच्या बाकांवर पाय आपटून ओरडायला लागली. "टॅकेट! टॅकेट! टॅकेट!" मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. "गप्प बसा रे मेल्यांनो! गप्प!" पण कोण ऐकतंय? जिंकलेल्यांना कान नसतात. मी घाबरून रस्त्यापलीकडे बघितलं. ओट्यावरची खुर्ची रिकामी होती.

कोच फाटकातून आत येत होते. काठी टेकत, एकेक पाऊल. माझ्या खिडकीशी थांबले आणि म्हणाले, "नेल्डा, हात दे जरा."

मी हात दिला. आम्ही मैदानात उतरलो. बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी त्यांना पहिल्यांदा ओळखलं आणि ते गप्प झाले. मग त्यांनी पुढच्यांना चिमटे काढले, पुढच्यांनी पोरांना. ‘टॅकेट’ विझत विझत गेलं, शेवटी एकच बारीक आवाज उरला, तोही कुणीतरी तोंडावर हात ठेवून बंद केला. मैदान ओलांडायला आम्हाला फार वेळ लागला. मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की कुठं चाललोय.

ब्राइस रेघेशी गवतात बसला होता, डोकं दोन्ही हातांत. जवळ कुणी नव्हतं. अशा वेळी कुणी नसतंच. पलीकडे रमीरो साखळीचा खांब धरून उभा.

"पोरा," कोच म्हणाले, "मी टॅकेट."

ब्राइसनं वर पाहिलं. कानात तोच शब्द घुमत असणार. "काय?"

"ते ओरडत होते ना, ते माझं नाव. ऑर्लिन टॅकेट. ह्याच मैदानावर हेच केलं होतं मी. दोन कमी होते आणि घुसा म्हणालो."

ब्राइस बघतच राहिला. मग त्याचा बांध फुटला. "सर, मला नियम माहीत होता. उन्हाळाभर मीच शिकवला पोरांना. लाथेला दोन, लाथेला दोन, घसा बसेपर्यंत ओरडलोय. आणि तरी..."

"आणि तरी दोन हवे होते, आणि तोंडातून घुसा निघालं."

"हो."

"आता नीट ऐक. तू बसपर्यंत जाशील तोवर कुणीतरी येईल, पाठीवर हात ठेवील आणि तुला एक कारण देईल. वारा होता म्हणेल. पोराचा पाय दुखत होता म्हणेल. चांगलं कारण असेल, घ्यावंसं वाटेल. घेऊ नकोस."

"मग काय सांगू लोकांना?"

"विसरलो म्हण."

"एवढंच?"

हे ब्राइस नाही बोलला. हे मी बोलले, आणि चांगलं मोठ्यानं. इतक्या वर्षांचे केक, डॉक्टरच्या फेऱ्या, ताप, आणि हाती काय लागलं, तर विसरलो!

कोच माझ्याकडे वळले. "एवढंच, नेल्डा. बरं कारण असतं तर पहिल्याच केकला दिलं असतं. एवढंच होतं, म्हणून तर देववत नव्हतं."

मला त्यांचा राग आला, हसू आलं, आणि मग मी रमीरोकडे पाहिलं तेव्हा दोन्ही गेलं. त्यानं खांब सोडला होता. साखळी गवतात पडली होती. तो आमच्याजवळ आला.

"मी उभा होतो, कोच," तो म्हणाला. "जागेवर उभा होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत."

"बघितलं. दिसलास कुठं? दोन हवेत, दोन हवेत, एवढंच डोक्यात होतं, आणि दोन म्हणजे घुसायचं, हे लहानपणापासून हाडात. तू मारशील की नाही हा प्रश्नच मनात आला नाही रे. आला असता तर तुलाच मारायला लावलं असतं. तुझ्यासारखा पाय मी पुन्हा पाहिला नाही."

"मग त्या मुरगळलेल्या पायाचं? प्रवचनात सांगितलं तेव्हा तुम्ही पुढं बसला होता."

कोचनी काठी गवतात रोवली. मी दंड घट्ट धरला. "बसलो होतो. ती गोष्ट ऐकली आणि मला बरं वाटलं. माझ्या अंगावर पांघरूण आलं. ते तुझ्या अंगावरून ओढून आलंय, हे मी बघितलं नाही. बघायचंच नव्हतं मला."

रमीरो एक पाऊल मागं सरला. त्यानं मान खाली घातली, बुटानं गवत उकरलं. मला वाटलं आता टोपीला हात लावून निघून जाईल. मग तो म्हणाला, "तुमच्या पंपाला मी कधी हात लावला नाही."

"माहीत आहे. तुझा भाचा फार वाईट काम करतो."

रमीरो हसला नाही. तो ब्राइसकडे वळला आणि त्याला दंडाला धरून उठवलं. "उठा. ते सगळं नंतर. तुमचा कप्तान अजून तिकडे एकटाच उभा आहे. आधी त्याला घेऊन या."

खरंच, पोरगा अजून मैदानाच्या मधोमध उभा होता, शिरस्त्राण काखेत, वाट बघत. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ब्राइस धावत गेला. त्यानं पोराच्या खांद्यावर हात टाकला, काहीतरी सांगितलं, आणि दोघं सावकाश परत यायला लागले. आम्ही तिघं तिकडेच बघत होतो.

"तुला आणायला मी आलो नव्हतो," कोच म्हणाले.

"नाही," रमीरो म्हणाला.

पण परत येताना कोचचा दुसरा दंड रमीरोनं धरला होता, आणि मैदान ओलांडायला मघाइतका वेळ लागला नाही.

रविवारी सकाळी कोचची मुलगी आली. गाडीत खोकी भरून झाली, आणि निघण्याआधी न्याहारीला आम्ही लोरीनच्या खानावळीत गेलो. प्रार्थनेआधीची गर्दी, सगळं गाव तिथंच. कोच आत शिरले तसे सगळे एकदम आपापल्या ताटलीत बघायला लागले. आदल्या दिवशी ज्यांनी पाय आपटले होते त्या पोरांना त्यांच्या आयांनी कोपऱ्यात कोंबून बसवलं होतं, आणि पोरांचे कान लाल झालेले. कुणीतरी पिळलेच असणार. आपण रोज तोंडात घोळवतो तो शब्द एक माणूस आहे आणि तो काठी टेकत चालतो, हे त्यांना नुकतंच समजलं होतं.

आम्ही खिडकीजवळ बसलो. थोड्या वेळानं रमीरो आला. टोपी काढली, खुर्ची ओढली आणि कोचच्या समोर बसला, रोज तिथंच बसत असल्यासारखा. "पंप बघून आलो," तो म्हणाला. "भाच्यानं वाट लावलीय. घर घेणाऱ्याला सांगा, मी येईन म्हणून."

"सांगतो," कोच म्हणाले.

कोचनी दोन अंडी मागितली होती, रमीरोनंही दोन. लोरीनची त्या सकाळी धांदल उडाली होती, हात दोन आणि ताटल्या दहा. तिनं रमीरोपुढं ताटली ठेवली, त्यात दोन. कोचपुढं ठेवली, त्यात एक.

काटेचमचे थांबले. सगळ्या खानावळीत फक्त कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं. लोरीननं ताटलीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. एवढ्या सगळ्या माणसांच्या जिभेवर एकच शब्द आला होता आणि जो तो तो गिळत होता.

कोचनी अंड्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग कोपऱ्यातल्या पोरांकडे.

"टॅकेट झालं," ते म्हणाले.

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. कुणी हसलं नाही. रमीरोनं आपल्या ताटलीतून डोकंही वर केलं नाही, पाव मोडत म्हणाला, "टॅकेट नाही, कोच. विसरली ती."

"विसरले," लोरीन म्हणाली, आणि दुसरं अंडं आणायला आत पळाली.